माग थांबले तेव्हा

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. वीज गेली, गल्लीतले सगळे माग एकाच वेळी थांबले, आणि उजी जिन्यावरून पडली.

आवाज मोठा नव्हता. माग चालू असते तर कुणाला कळलंही नसतं. आमच्या शेडच्या मागच्या अंगाला माळ्यावर जायचा लाकडी जिना होता. तिकडून आधी धप्प असा आवाज आला, मग काहीतरी लोखंडी फरशीवरून घरंगळत गेलं, आणि मग सगळं शांत.

वहिनी माझ्या आधी पोचली. तिचे हात पिठाचे होते. उजी जिन्याच्या पायथ्याशी कुशीवर पडली होती. हनुवटी फुटून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं, पण ती रडत नव्हती. डोळे टक्क उघडे ठेवून आमच्याकडे बघत होती.

"उचलू नका," मी म्हणालो. "आधी तिला मान हलवू दे."

"तुम्ही काही बोलू नका, भावजी," वहिनी म्हणाली आणि तिनं पोरीला उचललंच.

उजी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी, उज्ज्वला. तेव्हा तिला दहावं वर्ष होतं. सातव्या महिन्यात जन्मली, जन्मल्यावर मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि पाय ताठ राहिले. सेरेब्रल पाल्सी हे नाव आम्हाला ती दोन वर्षांची झाल्यावर कळलं. डोकं तल्लख, तोंड त्याहून तल्लख; पण गुडघे एकमेकांना घासत, टाचा जमिनीला न टेकवता, भिंत धरून ती चालायची. नव्या बुटाचं टोक महिन्याभरात झिजायचं, टाच कोरीच्या कोरी.

वहिनीनं तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या अंगातलं जाकीट ओढून काढलं.

"हे हिला कुणी घातलं?" तिनं विचारलं.

मी घातलं नव्हतं.

ते जाकीट वहिनीनंच शिवलेलं होतं, आमच्याच मागावर निघालेल्या कोऱ्या कापडाचं. छातीवर आणि पाठीवर खिसे, आणि खिशांत वाळूच्या पिशव्या. ते घालून उजीनं स्टुलावरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, पुन्हा उठायचं. मग लाकडी ठोकळ्यावर एकेक पाय देऊन चढायचं. एक दिवस व्यायाम, एक दिवस विश्रांती. थोड्या थोड्या दिवसांनी पिशव्यांत वाळू वाढवायची. हे सगळं रेंदाळकर मॅडमनी ठरवून दिलं होतं. मॅडम फिजिओथेरपिस्ट होत्या, नव्यानंच गावात दवाखाना घातलेल्या. माझी मागावरची पाळी चारला संपायची, शिवाय मी तालमीत चार वर्षं काढलेली, म्हणून व्यायाम करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

वहिनीला हे पहिल्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. उजी लहान असताना एका मोठ्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, ताठ पायांवर जोर देऊ नका, आणखी ताठ होतील. तेल लावा, ताणून मोकळे करा. आठ वर्षं तिनं रोज तेच केलं होतं. आता एक नवी बाई येऊन सांगत होती, वजन उचलू दे म्हणून.

तरीही ती कबूल झाली होती ते शाळेमुळं. आमच्या शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग खाली आणि पाचवी वर. बागेवाडी बाई तिथल्या मुख्याध्यापिका. त्यांनी फेब्रुवारीत दादाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो, पण वर कोण नेणार तिला? शिपाई एकच आहे, तोही पन्नाशी ओलांडलेला. खालच्या खोल्या बालवाडीला दिल्यात. जूनपर्यंत कठडा धरून स्वतः चढली तर माझी काहीच हरकत नाही. नाहीतर जिल्ह्याच्या गावी निवासी शाळा आहे, तिथं चौकशी करा."

उजी दारातच उभी होती. तिनं ते ऐकलं होतं.

आता मे महिना अर्धा सरला होता आणि ती हनुवटी फोडून घेऊन बसली होती.

वहिनीनं जाकीट झटकलं. "इतकं जड? एवढं जड कसं झालं हे?" तिनं एकेक खिसा उलटा केला. वाळूच्या पिशव्या पडल्या. एका खिशातून चार-पाच चिंचोके आणि खडूचा तुकडा पडला. आणि दोन खिशांतून लोखंडाच्या जाड चकत्या निघाल्या. तिसरी चकती घरंगळत मागाखाली गेली होती, ती सिद्रामनं वाकून काढली.

सिद्राम आमच्याकडचा कामगार. त्यानं चकती हातात फिरवून बघितली आणि दादाकडं धरली.

"मालक, तुमची चाळणी सापडली."

हे आम्हा घरच्यांनाच कळण्यासारखं होतं. मागावर उभं सूत ताणलेलं राहावं म्हणून मागच्या बाजूला वजनं टांगलेली असतात. बारीक ताण जुळवायला दादा मोठ्या वजनाला या चकत्या अडकवायचा. गेले पंधरा-वीस दिवस तीन नंबरच्या मागावर कापड सैल येत होतं. दादा रोज सिद्रामवर तोंड टाकायचा, "सिद्रामा, कापड विणतोयस का चाळणी?" सिद्राम शपथा घ्यायचा. वजनाखालच्या चकत्या कुणी काढून नेल्या असतील हे दादाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मागावरच्या वजनाला आमच्यात कुणी हात लावत नाही.

वहिनी माझ्याकडं वळली. "तालमीतलं डोकं! पोरीला पैलवान करायला निघालाय व्हय? वाळू पुरंना म्हणून लोखंड?"

"मी नाही घातल्या, वहिनी."

"मग काय मागानं आणून घातल्या?"

"अरे दिल्या, खरं सांग," दादा मला म्हणाला.

"खरंच सांगतोय."

त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि त्यांच्या जागी मीही ठेवला नसता. मी खाली वाकून पिशव्या गोळा केल्या. त्या मी रविवारी स्वतः गच्च भरल्या होत्या. आता त्या निम्म्या रिकाम्या होत्या. मी मान वर केली. उजी माझ्याकडं बघत होती. तिनं बारीकशी मान हलवली, नको म्हणाल्यासारखी.

रिक्षा मिळाली. सगळं परत भरलेलं जाकीट घेऊन मी पुढं बसलो, मागं दादा, वहिनी आणि तिच्या मांडीवर उजी. हनुवटीवर दाबून धरलेला पदर लाल झाला होता. अख्ख्या रस्त्यात एकटी वहिनी बोलत होती.

"आजपासून ते जाकीट बंद. चुलीत घालते मी. शाळा वर असू दे नाहीतर आभाळात असू दे. निवासी तर निवासी. जिवंत तरी राहील."

"मी नाही जाणार निवासीला," उजी म्हणाली. पडल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"तुला विचारलंय कुणी?"

"बरं, आधी टाके तर घालू," दादा म्हणाला.

मॅडमच्या शेजारच्या दवाखान्यात टाके घातले. तेव्हाही ती रडली नाही, फक्त माझं बोट असं धरलं की नखं रुतली. मग आम्ही मॅडमकडं गेलो. त्यांनी तिला झोपवून मान, पाठ, खुबे, गुडघे, घोटे सगळं हलवून, दाबून बघितलं. बराच वेळ घेतला. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो.

"काही मोडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "खरचटलंय आणि हनुवटी. आता सांगा, पडली कशी?"

तिघंही एकदम बोलू लागलो. मॅडमनी हात वर केला. "एकेक जण. ताई, तुम्ही."

"जाकिटानं पडली," वहिनी म्हणाली. "एवढं ओझं घेऊन पोरगी जिना चढायला गेली, मग पडणार नाहीतर काय? मी आधीपासून सांगत होते."

"चढताना पडली?"

"मग?"

"कुणी बघितलं?"

कुणीच नव्हतं बघितलं. दादा माझ्याकडं बघायला लागला, मी वहिनीकडं.

"जिन्यावरून पडली म्हणजे चढतानाच की, मॅडम," दादा म्हणाला. "तिला कुठं जिना चढता येतोय? ठोकळ्यावर चढते तेवढंच."

मॅडमनी जाकीट मागून घेतलं आणि वजनकाट्यावर ठेवलं. आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी सगळे खिसे टेबलावर रिकामे केले. निम्म्या भरलेल्या पिशव्या एका बाजूला, चकत्या दुसऱ्या बाजूला. गडबडीत चिंचोकेही पुन्हा आतच गेले होते, तेही टेबलावर आले.

"वाळू कमी आणि लोखंड जास्त," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं त्याहून थोडं जडच भरलंय. हे कुणाचं काम, ते मला नंतर सांगा. उजी, तू मला—"

"थांबा," वहिनी म्हणाली.

ती टेबलाजवळ गेली. तिनं एक चिंचोका उचलला आणि दोन बोटांत धरून उजेडाकडं केला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या महिन्यात आमच्या घरात आणखी एक तक्रार चालू होती. वहिनीनं वर्षाची चिंच चिंचोक्यांसकट मीठ लावून बरणीत भरून ठेवली होती आणि ती कमी होत होती. पहिला संशय उंदरांवर होता. पण उंदीर बरणीचं झाकण परत लावत नाहीत, म्हणून दुसरा संशय माझ्यावर आला. भर जेवणात, दादा आणि सिद्रामच्या देखत वहिनीनं मला विचारलं होतं, "भावजी, डोहाळे लागलेत का तुम्हाला?" सिद्राम आठवडाभर मला 'कितवा महिना' म्हणून विचारायचा.

"उजे," वहिनी म्हणाली, "ही चिंच कुठली?"

उजीनं टाके घातलेल्या हनुवटीवर हात ठेवला.

"बरणीतली?"

उजीनं मान डोलावली.

वहिनी दादाकडं वळली. तिचा आवाज बदलला होता. "अहो, बरणी माळ्यावर आहे."

दादाला कळायला वेळ लागला. मलाही.

"खालच्या फडताळात मुंग्या होतात म्हणून मीच शिमग्यानंतर वर नेऊन ठेवली," वहिनी म्हणाली. "माळ्यावर. खिडकीजवळ." आणि ती लेकीसमोर उकिडवी बसली. "तू वर गेली होतीस?"

"हं."

"कशी गेलीस?"

"पायानं," उजी म्हणाली.

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मला वाटतं, हसू लपवायला.

"आज पहिल्यांदाच?" मी विचारलं.

"नाही. कधीचं जमतंय. जेवणं झाली की जाकीट घालून जाते. माग चालू असतात, त्यात कुणाला ऐकू येत नाही. आधी कठड्याला दोन्ही हात लावायला लागायचे. आता एकच लागतो." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "शाळेच्या जिन्यापेक्षा आपला जिना उभा आहे, काका. मी बघून ठेवलंय."

"मग आज पडलीस कशी?" मॅडमनी विचारलं.

"मी उतरत होते. वीज रोज तीनला जाते, त्याच्या आत मी खाली येते. आज दोनलाच गेली. सगळे माग एकदम थांबले. इतकं शांत झालं, मी दचकले. पाय एकदम ताठ झाले आणि कठडा सुटला."

मागांच्या गावात वाढलेलं पोर. जन्मल्यापासून तो खडखडाट तिच्या कानात होता. मॅडम नंतर आम्हाला म्हणाल्या, अशी मुलं एकाएकी काही झालं की दचकतात आणि अंग ताठ होतं, पण बहुतेक मुलं आवाजानं दचकतात. शांततेनं दचकलेली त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

"आणि हे लोखंड?" दादानं विचारलं. आवाज चढवायचा त्यानं प्रयत्न केला, पण तो चढला नाही.

"वीज गेल्यावर काढलं. माग बंद असताना. मी रांगत गेले खालून."

दादा मटकन खुर्चीत बसला. पोरगी पडल्याचं बघून तो जेवढा घाबरला नव्हता, तेवढा ती मागाखालून रांगल्याचं ऐकून घाबरला. "मधेच वीज आली असती म्हणजे?"

"बटण बंद केलेलं होतं मी. सिद्रामकाका नेहमी सांगतात ना, आधी बटण."

"पण कशाला घातलंस?" मॅडम म्हणाल्या. "मी काका जेवढी वाळू भरतील तेवढंच सांगितलं होतं ना?"

उजीनं आईकडं बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही. त्या खोलीत कुणाला काय माहीत आहे हे मला त्या वेळी समजलं.

"पिशव्या हलक्या लागायच्या," ती शेवटी म्हणाली. "काका भरायचे तेव्हा जड असायच्या. दुसऱ्या दिवशी हलक्या."

वहिनी अजून उकिडवीच बसलेली होती. हातातला चिंचोका तिनं टेबलावर ठेवला.

"वाळू मी काढत होते," ती म्हणाली. "रात्री तिच्या पोटऱ्यांना तेल लावायचे तर दगडासारख्या लागायच्या. वाटायचं, आपल्याच हातानं पोरीचे पाय कायमचे ताठ करतोय आपण. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. म्हणून मूठ मूठ काढायचे आणि तुळशीत टाकायचे."

दादा म्हणाला, "तरीच तुळस वाळली."

कुणीही हसलं नाही. मग उजी हसली, टाक्यांना ताण पडून "आई गं" म्हणाली, आणि मग सगळेच हसलो. वहिनीसुद्धा, डोळे पुसत.

मॅडम वहिनीच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. "ताई, ज्यांनी तुम्हाला ते सांगितलं, त्यांच्या काळात तसंच मानायचे. ताठ आहे म्हणजे मजबूत आहे असं वाटायचं. पण ताठ पायसुद्धा अशक्त असतो. हिचा होता. ताकद वाढवली म्हणून ताठपणा वाढत नाही, हे आता तपासून बघितलेलं आहे. पण तुम्हाला भीती वाटते का, हे मीच विचारायला हवं होतं. हात इकडं द्या." त्यांनी वहिनीचा हात उजीच्या घोट्यावर ठेवला आणि पाऊल हळूच वर वाकवलं. "आठ वर्षं रोज हे पाऊल तुमच्या हातात आहे. व्यायामाआधी, दिवाळीत होतं त्यापेक्षा जास्त अडकतंय का?"

वहिनीनं दोनदा वाकवून बघितलं. मग दुसरा पाय. "नाही," ती म्हणाली. "आहे तेवढंच." आणि थोड्या वेळानं, "थोडं मोकळंच आहे म्हणायचं."

"टाके काढेपर्यंत व्यायाम बंद. मग मी सांगते तेवढीच वाळू. लोखंड मागाला परत." मॅडमनी उजीकडं बोट केलं. "आणि तू एकटी जिन्यावर जायचं नाहीस. तुला चढता येतं, उतरता येत नाही. चढताना पायानं ढकलायचं असतं. उतरताना पायानं अंगाचा भार धरून ठेवायचा असतो, ते जास्त कठीण. आता ते शिकायचं."

"शाळेत तर चढायचंच सांगितलंय," उजी म्हणाली.

"आणि पाच वाजता काय, तिथंच राहायचं?"

परतताना वहिनीनं रिक्षा किराणा दुकानापाशी थांबवली. मला वाटलं हळद घ्यायची असेल. ती उतरली, पावशेर चिंच घेऊन आली आणि पुडी उजीच्या मांडीवर टाकली. "ही खालच्या फडताळात ठेव," ती म्हणाली. उजीनं पुडी बघितली आणि म्हणाली, "मग मी वर कशाला जाऊ?" वहिनीनं पुडी उचलून स्वतःच्या पिशवीत घातली. घरी गेल्यावर ती चिंच माळ्यावरच्या बरणीत गेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडली. बागेवाडी बाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या, शिपाई त्यांच्या मागं. दादा फाटकाबाहेर थांबला, त्याच्यानं आत येववलं नाही. वहिनीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. उजी कठडा धरून एकेक पायरी चढली. मधे एकदा थांबली, तेव्हा शिपाई पुढं सरकला. बाईंनी त्याला हातानं अडवलं. वर पोचल्यावर तिनं मागं वळून खाली बघितलं आणि ओरडून विचारलं, "बाई, इथं चिंचेची बरणी कुठं असते?" बाईंना काही कळलं नाही. वहिनी मात्र तिथल्याच पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

पाच वाजता उजीला उतरवायला मी गेलो. तो महिना आणि पुढचे बरेच महिने मी, सिद्राम किंवा वहिनी, कुणीतरी जायचं. उतरणं सावकाश जमलं. पूर्ण जमलं असं मॅडम कधी म्हणाल्या नाहीत. त्या वर्षी दिवाळीला बूट घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं जुने बूट उलटे करून बघितले. टोक झिजलं होतंच, पण टाचही झिजली होती. वहिनीनं ते जुने बूट फेकू दिले नाहीत.

आमचे माग आता नाहीत. शेड गोदामाला दिली आहे आणि दुपारचे दोन रोजच शांत असतात. उजी पुण्यात एका विमा कंपनीत नोकरी करते, हातात काठी घेऊन चालते. तिचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे.

आज सकाळी तिचा निरोप आला: "लिफ्ट बंद आहे. जिन्यानं आले. वर चिंच नव्हती."

मी तो वहिनीला वाचून दाखवला. वहिनी हसली, मग म्हणाली, "उतरली का, ते विचारा."

सहा वाजता मी विचारलं. आता पावणेसात झालेत. निरोप वाचल्याची निळी खूण उमटली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.